दप्तर जपायचे तर कशावर?

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाला रंग द्यावयाचा निघाला, म्हणून कोपऱ्यातले लोखंडी कपाट भिंतीपासून ओढावे लागले. कपाटामागच्या ट्रंकेत काय आहे याचा विसर आम्हा समितीच्या सर्वांनाच पडला होता. उघडली तेव्हा वर १९३१ सालापासूनची इतिवृत्ताची वही निघाली. तिच्याखाली शाळेच्या जनरल रजिस्टरच्या जुन्या नकला, गावच्या नाटक मंडळींची हस्तपत्रके आणि १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले तेव्हाची वर्गणीची एक पावती. तळाशी बिस्किटांच्या डब्यात अकरा सीडी होत्या.

त्या सीडी आमच्याच कर्तबगारीच्या. २००३ साली शाळेचा मोठा वर्धापन सोहळा झाला, तेव्हा घरोघर फिरून वर्गणी जमवली आणि शहरातल्या एका दुकानात जुनी कागदपत्रे स्कॅन करून घेतली. समारोपाच्या भाषणात आम्हीच ठासून सांगितले होते की आता आग लागो वा पाऊस लागो, गावच्या दप्तराची चिंता मिटली. टाळ्याही पडल्या होत्या. आता संगणक विभागातल्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावून त्या सीडी लावून पाहिल्या. अकरांपैकी चार उघडल्या. तीन अर्ध्यावर अडकून घरघरत राहिल्या आणि चार तर यंत्राने ओळखल्याच नाहीत. ९४ वर्षांची वही मात्र कडेला कसर लागलेली असूनही पहिल्या पानापासून वाचता आली.

इतक्यावर भागले असते तरी एक वेळ चालले असते. ज्या चार सीडी उघडल्या त्यांत स्मरणिकेचा टाइप केलेला सगळा मजकूर होता, जुन्या गुरुजींच्या आठवणी होत्या. फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसली. सीडी शाबूत, फाइल शाबूत, आणि वाचता एक शब्द येत नाही. असे का झाले ते पुढे सांगू, कारण मराठी माणसाच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

कोणी म्हणेल, गावच्या वाचनालयाच्या चार कागदांसाठी वर्तमानपत्राची जागा कशाला? त्यांना आमचे सांगणे असे की सीमाभागातल्या, गोव्यातल्या, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी संस्थांचे कागद दुसरे कोणी जपणार नाही. राज्य सरकारचे अभिलेखागार सरकारी कागद ठेवते, आणि ते त्याच्या राजभाषेत असतात. मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांना आमच्या नाटक मंडळींची हस्तपत्रके ठाऊकच नाहीत. गावात मराठी कधीपासून लिहिली-वाचली जाते, शाळेत किती मुले कोणत्या भाषेत शिकत होती, सभेचे कामकाज कोणत्या भाषेत चाले, हे त्या वह्यांतच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनच्या वादात आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यात अशा जुन्या कागदपत्रांचाही आधार घेतला गेला आहे. पण दावा बाजूला ठेवा. उद्या दावा निकाली निघाला तरी आपला आजा कोणत्या शाळेत शिकला हे नातवाला कळावे की नको?

समितीची बैठक बसली. एका सधन सभासदांनी उदारपणे सांगितले, पैसे मी देतो, चांगली वस्तू आणा आणि हा विषय कायमचा मिटवून टाका. दुसरे म्हणाले, मोठी हार्ड डिस्क घ्या. तरुण मंडळी म्हणाली, क्लाउडवर टाका, वस्तूच नको. आणि एका ज्येष्ठांनी सुचवले की एकदा स्कॅन झाले की मूळ कागद रद्दीत द्यावेत, तेवढीच कपाटात जागा होईल. हे शेवटचे ऐकून आम्हाला काय वाटले ते लिहीत नाही. या चारही सूचनांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे ‘कायमचे मिटवणारी’ एखादी वस्तू बाजारात मिळते. तशी वस्तू नाही. पण म्हणून सर्व वस्तू सारख्याच, असेही नव्हे.

आधी सीडीचेच पाहू. बाजारात गाण्यांची सीडी मिळत असे, तिच्यातले खड्डे कारखान्यात साच्याने दाबलेले असत. आपण दुकानात भरून घेतो ती सीडी वेगळी. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटवल्या जातात. रंग म्हटला की तो ऊन, उष्मा आणि दमट हवा यांनी विटणारच. शिवाय लोकांना वाटते की सीडीची चकचकीत बाजू जपावी. खरे तर छापील बाजूच अधिक नाजूक, कारण परावर्तक थर त्या बाजूला वार्निशाच्या एका पातळ लेपाखालीच असतो. आम्ही त्याच बाजूला बॉलपेनने दाबून नावे लिहिली, वर डिंकाची चिठ्ठी चिकटवली आणि डबा ठेवला पश्चिमेच्या भिंतीला, जिथे मृगापासून हस्तापर्यंत ओल उतरते. सीडीचा दोष किती आणि आमचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

पेन ड्राइव्ह तर दप्तरासाठी विचारातही घेऊ नये. त्यात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडवून धरलेला विद्युतभार असतो आणि तो कालांतराने गळतो. नव्या संगणकांत एसएसडी येते तिचेही तत्त्व तेच. घरगुती एसएसडीच्या मानकात अपेक्षा एवढीच आहे की तिच्या लिहिण्याच्या क्षमतेची मर्यादा गाठल्यावर, विजेविना, ३० अंश तापमानात तिने एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी असताना ती याहून पुष्कळ जास्त धरते हे खरे. पण कपाटात दहा वर्षे बंद ठेवण्यासाठी ती बनवलेलीच नाही. कामाची वस्तू आणि कोठाराची वस्तू यांत फरक असतो. रोजच्या घागरीत कोणी बेगमीचे धान्य साठवत नाही.

चुंबकीय तबकडीची जुन्या धर्तीची हार्ड डिस्क याबाबतीत बरी आणि स्वस्तही. हिशेब करून पाहा. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन केले आणि काही न दाबता ठेवले तर सुमारे २६ एमबी होते. म्हणजे ७०० एमबीच्या सीडीवर अशी फक्त सव्वीस पाने मावली असती. २००३ साली दुकानदाराने हजारो पाने अकरा सीडींवर कशी बसवली याचे रहस्य आम्हाला आता कळले, अक्षरे इतकी पुसट का दिसतात त्याचेही. आज एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी जवळजवळ अडतीस हजार पाने राहतात. पण ही डिस्क यंत्र आहे. तिच्यात फिरणारी मोटर आहे, तबकडीवर केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारे डोके आहे. हजारो डिस्क वापरणाऱ्या कंपन्यांचा अनुभव असा की दरवर्षी शंभरातल्या एक-दोन बंद पडतात, वय वाढले की अधिक. आपल्याकडे एकच असेल तर ती त्या एक-दोनांत निघणार नाही याची हमी कोण देणार?

मोठ्या संस्था चुंबकीय फीत वापरतात, तिला एलटीओ म्हणतात. ही २००० साली निघाली आणि नवव्या पिढीच्या एका फितीवर १८ टेराबाइट मावतात. नीट ठेवली तर तीस वर्षे टिकते असे निर्माते सांगतात. मात्र वाचण्याचे यंत्र काही लाखांचे, आणि नवव्या पिढीचे यंत्र फक्त आठवी आणि नववी फीत वाचते, सातवी नाही. फीत शाबूत आणि यंत्र भंगारात, अशी गत व्हायची. विद्यापीठाला परवडेल, वाचनालयाला नाही.

एम-डिस्क नावाची एक तबकडी मिळते. तिच्यात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा कठीण असेंद्रिय थर असतो आणि लेसर त्यात खूणच कोरते. कंपनी हजार वर्षांची गोष्ट करते. हजार वर्षांचा दावा तपासायला आपण राहणार नाही, तेव्हा तो सोडून द्यावा. पण आपल्या दमट हवेत साध्या सीडीपेक्षा ही बरी, असे आमचे मत झाले आहे. पंचवीस जीबीच्या एका तबकडीवर न दाबलेली साडेनऊशे पाने राहतात. साध्या तबकडीच्या कित्येक पट किंमत पडते, आणि लिहायला त्या जातीचे यंत्र लागते. नव्या लॅपटॉपला तर तबकडी घालायची फटच नसते, ही अडचण उद्या वाढणार आहे.

आणि क्लाउड. तरुणांना ते हवेत असल्यासारखे वाटते, पण ती दुसऱ्याच्या इमारतीत दुसऱ्याच्या डिस्कवर ठेवलेली आपली नक्कल असते. तिचा उपयोग निश्चित आहे, कारण ती गावाबाहेर राहते. परंतु खाते कोणाच्या नावावर? आमच्या एका शेजारच्या संस्थेत चिटणीसांच्या खासगी खात्यावर सगळे छायाचित्रांचे दप्तर होते. चिटणीस वारले, संकेतशब्द त्यांच्याबरोबर गेला. गुगलने तर दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती काढून टाकण्याचे धोरण २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून अमलात आणले. दप्तर म्हणजे तर दोन-दोन वर्षे कोणी न उघडण्याचीच वस्तू!

हे झाले वस्तूंचे. आता त्या खिचडीकडे येऊ. बी.एड.च्या वर्गात आम्हाला शिकवले होते की लिपी म्हणजे संकेत. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात संकेत सारखा हवा. याचा अर्थ आम्हाला या मे महिन्यात नीट समजला. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे आपण संगणकावर मराठी टाइप करत होतो तेव्हा फाइलीत मराठी नसायचीच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फाँट आहे तोवर मराठी दिसे, फाँट गेला की उघडी पडत ती इंग्रजी अक्षरे. प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याकडे उघडत नसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात देवनागरी ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि जगातल्या कोणत्याही संगणकावर तो ‘क’ च असतो. पण आपल्या छापखान्यांपर्यंत आणि दुकानांपर्यंत ते पोहोचायला बरीच वर्षे गेली. मधल्या काळात टाइप झालेल्या हजारो स्मरणिका, अहवाल, निवेदने, प्रबंध आज असे अडकून पडले आहेत. त्यांत बाहेरच्या मराठी संस्थांचे अधिक असावेत असे आम्हाला वाटते, कारण आपल्याकडे एकाने फाँट आणला की गावातले सगळे तोच वर्षानुवर्षे वापरत.

मोडीचे झाले तेच हे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातले मोडी कागद गठ्ठ्यांनी आहेत. कागद टिकले, वाचणारे विरळ झाले. पण मोडी निदान शिकता येते. फाँटचा नकाशा हरवला तर शिकणार कोणाकडून? सुदैवाने प्रचलित फाँटांतून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आज मिळतात. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत त्यांनी हे काम आताच करावे. आमच्या स्मरणिकेचा फाँट त्या माजी विद्यार्थ्याने ओळखला आणि रूपांतर केले. रफार आणि ऱ्हस्व इकार जागोजाग सरकले आहेत. नववीच्या मुलांकडून मुद्रितशोधन करून घेत आहोत. शुद्धलेखनाचा इतका चांगला तास आम्ही अलीकडे घेतलेला नाही.

परदेशात मोठमोठ्यांनाही हे चुकलेले नाही. इंग्लंडात १०८६ साली राजाने सगळ्या मुलखाची नोंद करवली, ती डूम्सडे बुक. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये शाळाशाळांतून माहिती जमवून लेसर डिस्कवर नवी नोंद केली. जेमतेम सोळा वर्षांत, २००२ पर्यंत, ती वाचणारी यंत्रे इतकी दुर्मिळ झाली की माहिती सोडवून घ्यायला विद्यापीठांतल्या संशोधकांना खास खटपट करावी लागली. चामड्यावरची मूळ नोंद तेव्हाही वाचता येत होती, आजही येते.

म्हणून समितीत आम्ही असे मांडले. स्कॅन टिफ नमुन्यात ठेवावे, जेपीईजी फक्त दाखवण्यापुरते, कारण जेपीईजी प्रत्येक वेळी दुरुस्त करून जतन केले की थोडे झिजते. टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, आणि त्याचा पीडीएफ-ए करावा. हा नमुना २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि त्यात फाँट फाइलीच्या पोटातच बांधून द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा खिचडी नको. एकंदर तीन प्रती असाव्यात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे एकाच घाण्याचा दोष दोहोंत येणार नाही, आणि निवडक महत्त्वाच्या पानांची एम-डिस्कवर. क्लाउडवर एक नक्कल ठेवायला हरकत नाही, पण खाते संस्थेच्या नावाचे, आणि संकेतशब्द पाकिटात मोहोरबंद करून अध्यक्षांकडे.

तीनपैकी एक प्रत गावाबाहेर हवी. त्यावर लगेच कोल्हापूरचे नाव निघाले, नातेवाईक तिथेच सर्वांचे. पण ऑगस्ट २०१९ आठवा. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्हा एकाच आठवड्यात पाण्याखाली होते. एकाच पावसात भिजणाऱ्या दोन गावांत दोन प्रती ठेवणे म्हणजे एकच प्रत ठेवणे. आणि संकट पावसाचेच असते असेही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा काय काय गेले ते वाचकांना स्मरत असेल. आमची एक प्रत पणजीला जाईल. बडोदा-इंदूरच्या संस्थांशी अशी देवघेव करता आली तर फारच उत्तम: त्यांचे दप्तर आमच्याकडे, आमचे त्यांच्याकडे. संमेलनातल्या ठरावांपेक्षा हा संबंध अधिक उपयोगी पडेल, असे आम्ही बैठकीत म्हणालो तेव्हा काहींच्या कपाळावर आठ्या आल्या.

राहिला माणूस. डिस्क आतल्या आत बिघडत असते आणि आपल्याला पत्ता नसतो. त्यासाठी प्रत्येक फाइलीची बेरीज काढून ठेवतात, कीर्दीच्या पानाखाली असते तशी. एसएचए-२५६ नावाच्या रीतीने चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो; फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पार निराळा येतो. ठसा जुळला नाही की दुसऱ्या प्रतीवरून ती फाइल सुधारून घ्यायची. हे वर्षातून एकदा झाले पाहिजे आणि डिस्क पाच वर्षांनी बदलली पाहिजे, चालू असली तरी. दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आपण ग्रंथदिंडी आणि दोन भाषणांनी साजरा करतो. त्याच दिवशी दिंडी आटोपल्यावर डिस्क उघडून ठसे ताडून पाहावेत, आणि निकाल इतिवृत्ताच्या वहीत शाईने लिहावा, असा ठराव आम्ही मांडला. फेब्रुवारीत हवाही कोरडी असते. ठराव झाला, पण ‘वेळेच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द घालून. समित्यांचा आम्हाला तीस वर्षांचा अनुभव आहे. त्या शब्दांचा अर्थ आम्ही जाणतो. म्हणून पहिल्या वर्षाची जबाबदारी आमच्या नावावर लिहून घेतली.

देणगी देऊ केलेल्या सभासदांचे मन थोडे दुखावले, कारण त्यांची रक्कम एका चकचकीत वस्तूवर न लागता पाच वर्षांच्या डिस्कांसाठी बँकेत ठेवली. फलक लावायला काहीच राहिले नाही.

रद्दीचा प्रस्ताव अर्थातच बारगळला. स्कॅनमध्ये कागदाचा पोत येत नाही, जलचिन्ह नीट येत नाही, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला हिशेब तर स्कॅन करणारा मुलगा हमखास सोडतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे आमच्या दप्तराची आजवरची सर्वांत टिकाऊ प्रत कागदाचीच ठरली आहे. वह्या आम्ही कडुनिंबाचा पाला न घालता, कारण त्याचे डाग पडतात, स्वच्छ सुती बासनांत बांधून पूर्वेच्या कोरड्या भिंतीला हलवल्या आहेत. ट्रंकेखाली विटा आहेत.

न उघडलेल्या चार सीडींपैकी एकीवर आम्हीच बॉलपेनने ‘मुलाखत’ असे लिहिलेले आहे. शाळेत १९४० च्या दशकात शिकलेल्या आणि पुढे तिथेच शिक्षक झालेल्या गुरुजींचे बोलणे २००३ साली टेपवर घेऊन तिच्यावर उतरवले होते. टेप नंतर दुसऱ्या कार्यक्रमाला वापरली. गुरुजी २००९ मध्ये गेले. सीडी पुण्याला एका माहीतगाराकडे पाठवली आहे. अजून उत्तर नाही. ज्यांच्याकडे त्या सोहळ्याची ध्वनिफीत वा तिची नक्कल असेल त्यांनी वाचनालयात आणून द्यावी, उतरवून परत करू. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिथेच असतो.